बॅरीसाहेबांचा मार्लिन आणि माझं इंग्रजी

तसं माझ्या हातून आयुष्यात बरंच काही निसटलंय हो. दोन नोकऱ्या निसटल्या, सानपाड्यातला स्वस्तातला फ्लॅट निसटला. पण जी एक गोष्ट वेळेवर सोडायला पाहिजे होती, ती नेमकी मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आणि त्यापायी अरबी समुद्राच्या पोटात जाऊन आलो.

हसू नका! अजून सुरुवात पण नाही केली मी. चहा घ्या, थंड होतोय.

साल असेल चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. मी तळोज्याच्या एका कारखान्यात ॲडमिनला होतो, तोही प्रोबेशनवर. मूळचा मी कोरेगावकडचा, सातारा जिल्हा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि मासा म्हणजे आठवडी बाजारातलं सुकट. राहायला सानपाडा गावात, भारतीवहिनींच्या घरी भाड्यानं. वहिनी पक्क्या आगरी, माहेर उरणजवळचं करंजा. बाई तोंडानं तिखट, पण मनानं फार मोठी.

तर आमच्या कंपनीचा एका ऑस्ट्रेलियन कंपनीशी मशिनरीचा करार व्हायचा होता. त्यांचा इंजिनिअर आला होता, बॅरी नावाचा. साडेसहा फूट उंच, टोमॅटोसारखा लालबुंद. कागदपत्रं सगळी तयार होती, फक्त या बॅरीनं 'ठीक आहे' म्हणायचं बाकी होतं. आणि बॅरी काही म्हणेना.

एक दिवस जेवताना त्यानं पाकीट उघडून फोटो दाखवला. माणसं पाकिटात बायको-पोरांचा फोटो ठेवतात. याच्या पाकिटात मासा! नाकाच्या जागी भाला, पाठीवर पंख, अंगावर निळे पट्टे.

"मार्लिन," बॅरी म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. इथल्या समुद्रात पण तो असतो म्हणे. एकदा तरी इथला मार्लिन गळाला लागावा, एवढीच त्याची इच्छा.

आमचे चिटणीससाहेब हळूच माझ्याकडे झुकले. "जगताप, तुझ्या ओळखीचं कोणी आहे का कोळ्यांत?"

इथं गप्प बसायला पाहिजे होतं की नाही? पण प्रोबेशनवरचा माणूस गप्प बसतो का कधी?

"आमच्या घरमालकीणबाईंचा भाऊ तांडेल आहे सर, करंज्याला. स्वतःची बोट आहे. घरचाच माणूस!"

त्या घरच्या माणसाचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि भाषेचं काय? त्यांना इंग्रजी नाही, याला मराठी नाही."

"मी आहे ना सर. टेन्शन घेऊ नका."

झालं! आता माझ्या इंग्रजीबद्दल सांगतो. वाचायला द्या, पाच मिनिटांत मतलब सांगतो. अर्ज लिहायला द्या, साहेब वाचून गहिवरतो. पण कानानं ऐकायचं इंग्रजी वेगळं असतं, आणि ऑस्ट्रेलियाचं तर त्याहून वेगळं. तो गडी 'टुडे'ला 'टुडाय' म्हणायचा आणि निम्मे शब्द तोंडातच ठेवायचा. मी मान हलवायचो आणि उरलेलं वाक्य मनानं पुरं करायचो. साताऱ्याच्या कॉलेजात असंच शिकलो होतो.

तयारीची मीटिंग झाली. बॅरीकडे गळाचा दांडा, दोरी गुंडाळायची मोठी फिरकी, रंगीत गोंड्यांसारखी खोटी आमिषं, सगळं स्वतःचं होतं. त्याला फक्त एक 'फायटिंग चेअर' हवी होती. मासा ओढताना बसायची, डेकला बोल्ट मारलेली, गोल फिरणारी, पायाला आधार असलेली खुर्ची.

अशी खुर्ची मी पाहिली होती! सानपाड्याच्या सलूनमध्ये. न्हाव्यानं नव्या खुर्च्या घेतल्या होत्या, जुनी एक मागे पडून होती. ती मी उचलली. बॅरी बसला, एक गिरकी घेतली आणि मला मिठीच मारली. चिटणीससाहेबांनी लांबून अंगठा दाखवला. प्रोबेशन संपलं म्हणून समजा!

मग बॅरी म्हणाला, "आय नेव्हर ईट देम. जस्ट अ फोटो अँड अ टॅग."

आता हे वाक्य मला शब्द न् शब्द कळलं. तोच तर घोटाळा झाला.

तो खात नाही. म्हणजे मटण आपलं! फोटो त्याचा. आणि टॅग? टॅग म्हणजे विमानतळावर बॅगेला लावतात ती चिठ्ठी. हा मासा कोणी धरला ते जगाला कळावं म्हणून गडी आपल्या नावाची चिठ्ठी लावणार. लावू दे की! चिठ्ठीसकट कापू.

संध्याकाळी घरी गेलो आणि बायकोला, सुनंदाला, सांगितलं, "दोनशे किलोचा मासा येतोय."

"कुणाकडं?"

"आपल्याकडं!"

भारतीवहिनी अंगणातून ओरडल्या, "भाऊ, कवरा मोठा म्हावरा? धर्मा माझा भाव हाय. पयला वाटा माहेरचा हां, सांगून ठेवते!"

दिला वाटा. मग ऑफिसात अकाउंट्सवाल्यांना दिला, गेटवरच्या वॉचमनना दिला, शेजारच्या तीन बिऱ्हाडांना दिला, आणि नावड्याहून येणाऱ्या आमच्या कॅन्टीनवाल्याला तर शेपटीकडचा अख्खा भाग दिला. मासा अजून समुद्रात मजेत पोहतोय आणि इकडे त्याचं काही शिल्लकच नाही!

चिटणीससाहेब पण रंगात आले. "जगताप, एवढा मासा आणायचा कशातून?" मी दहा फुटी लाकडी पेटी करून घेतली. सुताराला माप सांगितलं, तर त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" बर्फाच्या लाद्या सांगितल्या. टेम्पो सांगितला. रविवारी दुपारी सगळ्यांनी करंज्याच्या बंदरावर हजर राहायचं, भांडी घेऊन.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही निघालो. परवानगीची कागदं साहेबांनी केली होती. धर्मा तांडेल पन्नाशीचा, काळा, बारीक, बोलायला कमी. सलूनची खुर्ची डेकवर ठोकलेली बघून त्यानं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, जालं नाय टाकायचं?"

"नाही."

"मग करायचं काय?"

"बोट चालू ठेवायची. मागं दोऱ्या सोडायच्या. मासा पाठलाग करत येतो."

"आनि साहेब न्हाव्याचे खुर्चीत बसून दारी करनार?"

"नाही हो, मासा ओढणार."

धर्मा बॅरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. डिझेल त्याचं, समुद्र देवाचा. चला."

माझी अवस्था सांगू का? नको. झणझणीत मिसळ खाऊन निघालो होतो, एवढंच सांगतो.

शनिवारी पाणी हिरव्याचं निळं झालं. जमीन कुठंच नाही. दिवसभर फिरलो, दोन कुपा मासे लागले, बाकी काही नाही. बॅरी तासन्‌तास मागच्या फेसाकडे बघत बसायचा आणि बोलायचा. मी भाषांतर करायचो. मार्लिन भाल्यानं मासे भोसकत नाही म्हणे. घोळक्यात घुसून भाला आडवातिडवा फिरवतो आणि जे झिंगतात ते गिळतो. डोळ्यांमागं एक शेगडीसारखा अवयव असतो, त्यानं डोळे आणि मेंदू गरम ठेवतो, म्हणून थंड खोल पाण्यातही त्याला नीट दिसतं. आणि तो थांबून श्वास घेऊ शकत नाही. चालत राहिला तर पाणी कल्ल्यांतून जातं, थांबला की गुदमरला.

धर्मानं हे सगळं ऐकलं. "माझे काकाचे होरीत याची चोच घुसली होती," तो म्हणाला. "फली फोडून आरपार. जाल्यात पन गावतो कदी कदी. पन वर येतो तवा मेलेला असतो. कालाकुट्ट."

रविवारी सकाळी आम्ही परतीला लागलो होतो. बॅरीचं तोंड उतरलेलं. माझं त्याहून. करंज्यावर पेटी थांबली होती ना!

आणि एकदम फिरकी किंचाळली. हो, किंचाळलीच! दोरी सूं सूं सुटायला लागली. बॅरी उडी मारून न्हाव्याच्या खुर्चीत. मागं शंभर हातांवर पाणी फुटलं आणि तो वर आला.

काय सांगू राव! मी मासा म्हणत होतो, ते काही मासा नव्हतं. ती वीज होती. अख्खं धूड शेपटीवर उभं राहून पाण्यावरून चालत गेलं. डोकं झटकत, भाला हवेत फिरवत. आणि अंगावर निळा रंग, असा निळा की आतून कोणी दिवा लावलाय. धर्मानं सुकाणू धरलेलं, त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"याचा रंग असा असतो?" तो हळूच म्हणाला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस! "मना म्हाईतच नव्हता."

बॅरी ओरडला, "शीज अ गर्ल!"

मी भाषांतर केलं, "मादी आहे म्हणतो."

"लांबून कसं कळलं त्याला?"

विचारलं. तर म्हणे नर एवढा मोठा होतच नाही. मोठे जेवढे सगळे ते माद्या. एकेक मादी उघड्या समुद्रात लाखोंनी अंडी सोडते, त्यातली जगतात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. म्हणून एवढी मोठी झालेली मादी म्हणजे फार मोलाची.

"मोलाची आहे," मी धर्माला सांगितलं. माझ्या डोक्यात मोल म्हणजे किलोवर.

दोन तास चाललं. बॅरी ओढायचा, ती न्यायची. तो पुन्हा ओढायचा. खुर्ची गरगर फिरायची. घामानं त्याचा शर्ट पिळायला झाला. शेवटी ती बोटीच्या बाजूला आली, दमलेली, डोळा मोठ्या बशीएवढा. धर्मानं सवयीनं लोखंडी आकडा उचलला.

"नो! नो!" बॅरी ओरडला.

"आकडा नको म्हणतोय," मी म्हणालो. कातडं खराब होईल, फोटो चांगला यायचा नाही. बरोबरच आहे.

बॅरीनं दांडा धर्माच्या खलाशाच्या हातात दिला, मला हातमोजे फेकले आणि ओरडला, "होल्ड द बिल, मेट! होल्ड द बिल!"

बिल? या वेळेला बिल? पण सवाल प्रोबेशनचा होता. मी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं बर्फ कारखान्याचं बिल काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

बॅरी बिलाकडे बघतोय. मी बॅरीकडे बघतोय. मासा दोघांकडे बघतोय.

"द बिल! हर बिल!" त्यानं स्वतःच्या नाकापुढं हात लांब करून दाखवला. अरे, बिल म्हणजे चोच! असं सांग की मग!

मी मोजे चढवले, वाकलो आणि चोच धरली. खरखरीत, अगदी पॉलिशपेपरसारखी. मोजा तिला चिकटूनच बसला. बॅरीनं खूण केली आणि धर्मानं बोट सावकाश पुढं चालू ठेवली. आता मला वाटलं, मासा बोटीला धरून आपण असेच करंज्यापर्यंत जाणार. हात दुखतील, पण बर्फ वाचेल.

बॅरीनं लांब काठी घेतली, तिच्या टोकाला सुतळीएवढी पिवळी दोरी. टच! पाठीत बसवली. मी बघतोय, एवढ्याशा दोरीवर नाव-पत्ता मावणार कसा? मग त्यानं गळ सोडवला. म्हटलं, बरं झालं, धरायला मी आहेच.

हळूहळू माझ्या हातातल्या चोचीत जीव आला. अंगावरचा निळा परत पेटायला लागला. शेपूट एकदा हलली, दोनदा हलली.

"लेट हर गो!" बॅरी ओरडला.

इंजिन धडधडतंय. मला ऐकू आलं, "लेट्स गो!"

"यस सर!" मी पण ओरडलो. "लेट्स गो!" आणि चोच आणखी घट्ट धरली.

"नो! लेट हर गो! लेट गो!"

"यस सर! गो, गो!" मी धर्माला हाक मारली, "तांडेल, पळवा बोट! निघायचं म्हणतोय!"

इंग्रजीचं एक अक्षर न येणारा धर्मा सुकाणू सोडून धावत आला. "भाऊ, सोड! सोड तिला! सोडायला सांगतोय तो!"

दोनशे किलोचा मासा सोडायला कोण सांगेल हो? शुद्धीवरचा माणूस सांगेल? मी मान वळवून हेच विचारणार होतो, तेवढ्यात तिनं डोकं झटकलं.

पुढचं फार पटकन झालं. आधी मी हवेत होतो. मग मी पाण्यात होतो. मग मी पाण्याखाली होतो.

मला पोहता येतं. विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलोय. पण विहिरीला काठ असतो. इथं खाली नुसतं निळं, त्याखाली आणखी निळं, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर तो बशीएवढा डोळा. ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता त्यात. 'हा अजून इथंच का?' एवढंच काहीतरी होतं. मग मोजा हातातून निघाला, ती एकदा वळली आणि गेली. एवढी सुंदर गोष्ट मी पुन्हा पाहिली नाही. तेव्हा मात्र मी एकच विचार करत होतो. गेली, कॅन्टीनवाल्याची शेपटी गेली!

वर आलो. धर्मानं तोच आकडा माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवला आणि मला बोटीवर ओढला. माशाला नाही लागला, मला लागला. खारट पाणी ओकत मी न्हाव्याच्या खुर्चीत पडलो.

बॅरी डेकवर बसून हसत होता. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. शेवटी त्यानं सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितलं. टॅग म्हणजे शास्त्रज्ञांची खूण. उद्या कुठल्या तरी देशाच्या समुद्रात कोणाच्या गळाला ती पुन्हा लागली, की कळेल किती लांब गेली, किती वाढली. धरायची, खूण करायची, सोडायची. तो नेहमी असंच करतो.

"म्हणजे मासा मिळणार नाही?" मी मराठीतच विचारलं.

धर्मा बिडी पेटवत म्हणाला, "नाय. आनि मी पन नसता दिला. पयल्यांदा जिती बघितली मी."

संध्याकाळी करंजा आलं. लांबून दिसत होतं सगळं. टेम्पो. पेटी. बर्फाखाली वाहणारं पाणी. चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकाच्या हातात पातेलं, डबा, परात. कॅन्टीनवाला घमेलं घेऊन पुढं. सुनंदानं दोन पातेली वाटण करून आणलेलं, खोबऱ्याचं, आमच्याकडचं काळं तिखट घालून.

"अहो, कपडे ओले कशानं?"

"पाण्यात पडलो होतो."

"आणि मासा?"

"तो पण पाण्यातच आहे."

भारतीवहिनींनी कपाळावर हात मारला. "भाऊ, दोनशे किलोचा म्हावरा सांगून ही दोन कुपं आनली?"

चिटणीससाहेबांचा चेहरा बघवेना. पेटीकडे बघत होते ते. मला वाटलं, मलाच तिच्यात घालून खिळे ठोकणार.

तेवढ्यात बॅरी उतरला, तडक साहेबांकडे गेला आणि त्यांचा हात गदागदा हलवला. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस, म्हणाला. त्या दोन कुपा माशांचा रस्सा सुनंदानं बंदरावरच केला, पन्नास माणसांना वाटीवाटी. बॅरीनं चार वाट्या ओरपल्या, नाकाडोळ्यांतून पाणी काढत. सोमवारी त्यानं कागदावर सही केली. मी कायम झालो. साहेबांनी पत्र देताना फक्त एक अट घातली, परदेशी पाहुण्यांशी मी मराठीतच बोलायचं.

विषय संपला असं मला वाटलं. दोन महिने गेले. मग ऑस्ट्रेलियाहून एक जाड पाकीट आलं. चिटणीससाहेबांनी अख्खं ऑफिस गोळा केलं आणि आतला फोटो वर धरला. गडबडीत खलाशाच्या हातून कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं होतं म्हणे. मार्लिन अर्धी पाण्याबाहेर, चोच आभाळाकडे, आणि चोचीला लोंबकळणारा मी. तोंड उघडं, शर्ट वर, एका पायात बूट नाही.

खाली बॅरीची चिठ्ठी. साहेबांनी ती मला ऐकू यावी म्हणून मोठ्यानं आणि मराठीत वाचली.

"फोटो आमच्या क्लबात लावलाय. सगळ्यांना फार आवडला. फक्त जो तो एकच विचारतो, हिंदुस्थानात मार्लिनसाठी एवढं मोठं आमिष का वापरतात?"